८ वर्षांची लेक, १२ दिवसांचं निवासी खो-खो शिबिर: पाठवू का?

सांगलीची_आई (१६ मार्च २०२५)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

माझी धाकटी फेब्रुवारीत ८ वर्षांची झाली. तिसरीत आहे. गेल्या जूनपासून रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर खो-खोला जाते. जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही. १९ जानेवारीला आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, तो अख्खा सामना तिने टीव्हीसमोर, मैदानावर खो मिळायची वाट बघत पाटीत बसल्यासारखी उकिडवी बसून पाहिला. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची आहे हे कळल्यावर मला विचारते, "मग ती पण मातीवरच शिकली असणार ना गं?"

आता मे महिन्यात वाईजवळ १२ दिवसांचं निवासी शिबिर आहे. अर्जावर वयोगट ८ ते १४ असा छापलाय. तिच्या संघातल्या दोघी मोठ्या मुली, एक १० वर्षांची आणि एक ११ ची, जाणार आहेत. त्यामुळे हिला जायचंच आहे. रोज सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, "पैसे भरले का?"

अहो म्हणतात, आठ हे काय घराबाहेर राहायचं वय आहे? सासूबाई म्हणतात जाऊ दे, चार लोकांत राहिली की शहाणी होते. मी मधल्यामध्ये.

तिची अंघोळ, कपडे, बुटांच्या नाड्या हे सगळं तिचं ती करते. वेणी येत नाही. जेवणाचे फारसे नखरे नाहीत, फक्त वांगं बाजूला काढते. मैदानावर पडली, गुडघा फुटला तर माती झटकून परत पळते. दिवसाची मला काहीच काळजी नाही.

काळजी रात्रीची. ती माझ्या हातातली बांगडी धरून झोपते. हात सोडवून घेतला तर झोपेतच चाचपडून पुन्हा शोधते. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री उठते, आणि मला उठवल्याशिवाय बाथरूमला जात नाही. अंथरूण ओलं करत नाही, पण मी उठेपर्यंत तशीच बसून राहते. इस्लामपूरला आजीकडे महिनाभर राहते, तिथे काही त्रास नाही. पण ते आजीचं घर.

फी परत मिळायची मुदत १५ एप्रिलपर्यंत आहे. ज्यांनी लहान मुलं अशी पाठवली आहेत, किंवा विचार करून ठेवून घेतली आहेत, त्यांनी नेमकं काय बघून ठरवलं?

---

मैदान_धाराशिव (१६ मार्च)

ताई, मी २२ वर्षं खो-खो शिकवतोय. दर उन्हाळ्यात निवासी शिबिरही घेतो, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो.

अर्जावरचं वय आम्ही आमच्या सोयीसाठी घालतो, गट पाडायला बरं पडतं. त्यावरून मुलीची तयारी कळत नाही. ८ वर्षांची मुलगी मजेत राहिलेली मी पाहिली आहे आणि १२ वर्षांची तिसऱ्या दिवशी पिशवी भरून पायरीवर बसलेलीही पाहिली आहे.

दिवसा सहसा कुणी रडत नाही. सकाळी ६ ला मैदान, मग नाश्ता, दुपारी झोप किंवा कॅरम, साडेचारला परत मैदान. रडू येतं ते दिवेलागणीला. खेळून हातपाय धुऊन झालेले असतात आणि जेवणाची घंटा अजून व्हायची असते, तो अर्धा तास. पहिल्या दिवशी नवलाईत निभावतं. दुसरी-तिसरी संध्याकाळ जड जाते, पुढे बहुतेक जणी रुळतात. म्हणून मी त्या अर्ध्या तासाला मुलींना कामाला लावतो. कुणी ताटं मांडायची, कुणी उद्याच्या संघांची नावं फळ्यावर लिहायची.

तुमच्या प्रश्नात मला एक ओळ खटकली. "मी उठेपर्यंत तशीच बसून राहते."

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ९ वर्षांची एक मुलगी होती. खांबावरून वळायची ते बघत राहावं असं, आणि सूर मारायला तर जराही कचरायची नाही. आम्ही सगळे म्हणायचो, ही पोरगी तयारीची आहे. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की लघवीला जळजळ होतेय आणि ती दोन दिवस गप्प आहे. आमचं बाथरूम इमारतीच्या मागे होतं, वाटेत एकच दिवा. रात्री जावं लागू नये म्हणून तिने संध्याकाळी ५ नंतर पाणी पिणंच बंद केलं होतं. मे महिन्यात, दोन वेळचं मैदान करून! आमच्या एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण मैदानावर ती सगळ्यात पुढे होती. ती चूक आमची होती. तिची आई काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. त्यानंतर वाटेवर दिवे लावले आणि रात्री १० वाजता सगळ्या लहान मुलींना ताई स्वतः उठवून नेते.

तेव्हापासून मी पालकांना खेळाबद्दल काही विचारत नाही. फारशी ओळख नसलेल्या मोठ्या माणसाला तुमची मुलगी "मला बरं वाटत नाही", "मला भीती वाटते", "मला जायचंय" असं आपणहून सांगते का, हे विचारतो. सांगत असेल तर ७-८ व्या वर्षीही पाठवा. सांगत नसेल तर अजून थोडं थांबा.

आजीकडची रात्र यात धरू नका. एखाद्या मैत्रिणीच्या घरी, जिथे ती कधी झोपलेली नाही, तिथे एक रात्र ठेवून बघा.

आणि पाठवायचं ठरलं तर "नाही आवडलं तर लगेच न्यायला येते" असं वचन देऊ नका. मग पोरगी पहिल्या संध्याकाळपासून तुमच्या गाडीची वाट बघत बसते आणि रुळायचा प्रयत्नच करत नाही.

---

बालरोग_नाशिक (१७ मार्च)

सरांनी जे लिहिलंय त्यातले दोन तरी रुग्ण मला दर मे-जूनमध्ये भेटतात. लघवी रोखून धरणं आणि पाणी कमी पिणं हे दोन्ही एकत्र आलं की मुलींमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग पटकन होतो. बरेचदा सोबत बद्धकोष्ठताही असते, कारण अनोळखी संडासात मुलं बसतच नाहीत.

तुमच्या मुलीला अंथरूण ओलं करायची सवय नाही, तरी हे वाचणाऱ्या बाकी पालकांसाठी सांगते. सातव्या वर्षीही १०० तल्या ५ ते १० मुलांचं अंथरूण अधूनमधून ओलं होतं. तो आजार नाही, आळस तर मुळीच नाही. अशा मुलांना पाठवूच नये असंही नाही. पण शिबिरातल्या ताईला खाजगीत सांगून ठेवा, गडद रंगाची जादा चड्डी-पँट आणि एक प्लास्टिकची पिशवी वेगळी द्या, आणि ओलं झालं तर कुणाला हळूच सांगायचं हे मुलाला माहीत असू द्या. तात्पुरती गोळी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारून, आधी घरी देऊन बघितल्याशिवाय शिबिरात पहिल्यांदा देऊ नका.

दम्याचा पंप असेल तर तो कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद नको, मैदानावर हाताशी हवा. उन्हात डोकं दुखणं, मळमळ, चक्कर यांपैकी काहीही झालं तर खेळ थांबवून सावलीत जायचं, हे मुलाला घरी नीट शिकवा. लहान मुलं खेळाच्या नादात सांगत नाहीत, आणि मोठ्यांसमोर "दमले" म्हणायची लाज वाटते.

झोपेचं वेळापत्रकही विचारा. या वयाला ९ तास तरी झोप लागते. रात्री ११ पर्यंत शेकोटी आणि पहाटे ५ ला शिट्टी असं असेल तर तिसऱ्या दिवशी मूल चिडचिडं होणारच, आणि त्याला आपण "घरची आठवण येते" म्हणतो.

---

चिंचवडचा_बाबा (१७ मार्च)

मी सरांच्या शेवटच्या, वचन न देण्याच्या मुद्द्याशी सहमत नाही, आणि का ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मुलाला, तेव्हा तो ९ चा होता, फुटबॉलच्या ७ दिवसांच्या शिबिराला पाठवलं. नाव लिहीत नाही. माहितीपत्रक उत्तम, गवताचं मैदान, परदेशात शिकलेले प्रशिक्षक. आम्हाला बजावलं होतं, फोन करू नका, मूल रडतं. आम्ही नाही केला. चौथ्या दिवशी दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांकडून कळलं की माझा मुलगा दोन रात्री झोपलेलाच नाही. ४० मुलं एका हॉलमध्ये, ९ वर्षांची आणि १५ वर्षांची एकत्र, आणि एकही मोठा माणूस त्या इमारतीत झोपत नव्हता. मोठ्या मुलांनी त्याची उशी घेतली, खाऊ घेतला, आणि अंधारात घाबरवायचे. तो कुणाला सांगणार? जे सर दिवसभर "मुलगा आहेस की कोण" म्हणून ओरडतात त्यांना?

मी त्याच रात्री गाडी काढली. तो मला बघून रडलाही नाही, नुसता गाडीत जाऊन बसला. तळेगावपर्यंत एक शब्द नाही. टोल नाक्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात फोन करायचा नाही." हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यामुळे मुलाची तयारी बघताना शिबिराची तयारीही बघा. वाईला आधी जाऊन या, मुलीला घेऊन. रात्री मुलींच्या खोलीत कोण बाई झोपते, तिचं नाव काय, तिला मुलगी आधी भेटू शकते का? लहान-मोठ्या मुली वेगळ्या खोलीत असतात का? बाथरूमला दाराला कडी आहे का? मालिश किंवा पट्टी बांधायची वेळ आली तर दुसरं कुणी हजर असतं का? यावर जो माणूस चिडतो किंवा "आजवर काही झालं नाही" म्हणतो, तिथून उठून या. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा, माहीत आहे का हे मी आता तोंडावर विचारतो. आणि मुलाला १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर पाठ आहे. घरी आमच्या दोघांच्या नंबरांबरोबर म्हणून घेतो.

मी मुलाला वचन देतो. खरंच वाईट वाटलं, कुणी त्रास दिला, तर मी येणार. मध्यरात्री येणार.

---

मैदान_धाराशिव (१७ मार्च)

दादा, तुमच्या मुलाला जे भोगावं लागलं ते वाचून वाईट वाटलं. ४० मुलांत रात्री एकही मोठं माणूस नाही, याला शिबिर म्हणायचं नाही. माझं बोलणं साध्या आठवणीच्या रडण्यापुरतं होतं. कुणी त्रास देत असेल तर येण्याचं वचन द्यायलाच हवं, हे मान्य. दोन्हीतला फरक मुलाला आधी समजावून सांगायला हवा, हे मी पालकांशी बोलताना आजवर कधी म्हटलं नव्हतं. यापुढे म्हणेन.

---

जुनी_धावपटू (१९ मार्च)

मी आता ३८ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. ११ व्या वर्षी शासनाच्या निवासी क्रीडा योजनेत निवड होऊन घराबाहेर पडले. निवडीच्या वेळी ३० मीटर पळवलं, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेकायला लावला, ८०० मीटरची वेळ घेतली. सगळ्यात मी वरच्या क्रमांकात. रात्री एकटी झोपायची तयारी माझ्या आईने घेतली होती, दोन वर्षं आधीपासून, हे मला खूप उशिरा कळलं. दुकानात सुटे पैसे कमी आले तर परत जाऊन मागायला मलाच पाठवायची. एसटीत कंडक्टरला तिकीट मीच मागायचं. मला राग यायचा की आई स्वतः का बोलत नाही.

वसतिगृहात पहिल्या आठवड्यात उवा झाल्या. मी सरळ बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. माझ्याबरोबरची एक मुलगी महिनाभर खाजवत बसली.

एवढं मात्र सांगेन, मुलीच्या हट्टाला कमी लेखू नका. तिला स्वतःहून जायचंय ही फार मोठी जमेची बाजू आहे. ज्यांना आईवडिलांनी ढकललं होतं त्या मुली माझ्यासमोर परत गेल्या. या वेळी नाही पाठवलं तरी "तू लहान आहेस" एवढ्यावर विषय मिटवू नका. काय जमलं की पाठवाल ते सांगा.

वेणीचं म्हणाल तर दोन पोनी शिकवा, ८ वर्षांच्या हाताला जमतात. मला वेणी घालून देणारी ताई आज माझ्या मुलीची मावशी आहे.

---

सांगलीची_आई (७ एप्रिल)

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांनी सांगितलं तसं शनिवारी रात्री तिला माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे ठेवलं. विश्रामबागला राहते, तिला माझ्याच लेकीच्या वयाचा मुलगा आहे. लेक उड्या मारत गेली. रात्री ९ ला फोन केला तर बोलायलाही वेळ नव्हता, पत्ते चालले होते. मला वाटलं झालं, जमलं!

सकाळी आणायला गेले. मैत्रीण म्हणाली, अगं काहीच त्रास नाही, शहाण्यासारखी झोपली. गाडीवर मागे बसल्यावर कॉलेज कॉर्नरपर्यंत लेक गप्प. मग म्हणाली, "आई, लवकर चल." घरी पोचल्यावर बूट न काढता बाथरूमकडे पळाली. मी विचारलं कधीपासून आली होती. म्हणाली, "रात्रीपासून. पण काकू झोपल्या होत्या ना."

मी तिथेच पायरीवर बसले. मैत्रीण मला १४ वर्षं ओळखते, इतकी प्रेमळ बाई, आणि तिलासुद्धा उठवायला ही कचरली. वाईला अनोळखी ताईला काय उठवणार होती?

त्याच संध्याकाळी तिला सांगितलं की मे महिन्यातलं शिबिर नाही. खूप रडली. दोन दिवस माझी बांगडी धरली नाही, पाठ करून झोपली. मी "लहान आहेस" म्हटलं नाही. म्हटलं, तुझा खेळ तयार आहे. रात्री काही लागलं तर मोठ्या माणसाला उठवून सांगायचं, एवढं जमलं की मी स्वतः तुला सोडायला येते. तिने विचारलं, "आणि ते ओरडले तर?" इतकी वर्षं आपण तिला "झोपलेल्या माणसाला उठवू नये" असं बजावतोय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आमच्या घरात दुपारी आजोबा झोपले की सगळे चवड्यांवर चालतात.

पैसे परत घेतले. मेमध्ये सकाळी इथल्याच मैदानावर पाठवणार आहे.

---

जुनी_धावपटू (७ एप्रिल)

अगं, हे तिने तुला सांगितलं हे किती मोठं आहे. तिथून पुढे घेऊन जा. आता किराणा आणायला तीच जाऊ दे, आणि वाण्याशीही तीच बोलू दे.

---

सांगलीची_आई (३० सप्टेंबर)

बरेच दिवस लिहीन म्हणते. हा धागा अजून कुणी वाचत असेल तर.

उन्हाळ्यात ती रोज सकाळी ६ ला मैदानावर गेली. दोघी मोठ्या मुली शिबिराहून आल्या तेव्हा त्यांचे काळवंडलेले चेहरे आणि नवीन डाव ऐकून परत एकदा रडारड झाली, ती चालायचीच.

वाण्याकडे जाते. रिक्षावाल्या मामांना "पुढच्या कोपऱ्यावर थांबवा" तीच सांगते. पहिले काही दिवस आवाज इतका बारीक की त्यांना ऐकूच यायचं नाही आणि रिक्षा पुढे जायची. मी तोंड दाबून बसायचे. आता मागून ऐकू येईल इतक्या जोरात सांगते. मैदानावर ज्या गळ्यातून "खो" निघतो तोच गळा आहे, फक्त वापरायची सवय नव्हती.

मैत्रिणीकडे आणखी तीन वेळा राहिली. दुसऱ्या वेळी पुन्हा सकाळपर्यंत थांबली. मैत्रिणीने मग झोपायच्या आधी तिला आपल्या खोलीचं दार दाखवलं, म्हणाली, इथे ठोठाव, मी रागावणार नाही, ठोठावलं नाहीस तर रागावेन. तिसऱ्या वेळी, ऑगस्टमध्ये, रात्री ३ वाजता दारावर टकटक झाली. "काकू, दिवा लावता?" मैत्रिणीने सकाळी ७ ला मला फोन केला तेव्हा आम्ही दोघीही फोनवर नीट बोलू शकलो नाही.

भाऊबीजेनंतर २५ ते २८ ऑक्टोबर असं ४ दिवसांचं शिबिर आहे, कराडजवळ, घरापासून दीड तासावर. गेल्या रविवारी जाऊन बघून आलो. लहान मुलींच्या खोलीत झोपणाऱ्या ताई भेटल्या, बाथरूम खोलीला लागूनच आहे, कडी आतून लागते, मी लावून बघितली. अहोंनी पॉक्सोचं विचारलं, त्या ताईंनी न चिडता सगळं सांगितलं. रात्री जेवणानंतर एकदा फोन करू देतात.

वचनाचं आम्ही असं ठरवलंय: आठवण आली तर ताईंना सांगायचं, रडायचं, आणि सकाळी मैदानावर जायचं. कुणी त्रास दिला तर लगेच फोन, आम्ही निघतो. तिने हे दोनदा उलटसुलट विचारून घेतलं. "वांग्याची भाजी असली तर?" असंही विचारलं. त्याला येणार नाही असं सांगितलंय.

आज अर्ज भरला. शेवटी "पाल्याविषयी काही सांगायचे असल्यास" अशी दोन ओळींची जागा होती. मी लिहायला लागले तर म्हणाली, थांब, मी सांगते. तिच्या शब्दांत लिहिलंय:

"मला रात्री उठावं लागतं. मी ताईंना उठवीन. दिवा लावावा लागेल."